चित्र, शब्द आणि अर्थाचा प्रश्न

चित्रपुस्तक पाहणाऱ्या मुलाला अर्थ चित्रातून कळतो, शब्दातून की दोहोंच्या संबंधातून? योहान आमोस कोमेनियस या धर्मोपदेशक शिक्षणतज्ज्ञाचे मत पहिल्या पर्यायाकडे झुकते. जे आधी इंद्रियांत नाही ते बुद्धीत येत नाही, या धारणेवर त्याने १६५८ मध्ये न्यूरेंबर्गहून ‘ऑर्बिस सेन्शुअलियम पिक्टस’ काढले. चित्रातल्या वस्तूंवर क्रमांक आणि त्याच क्रमांकाने लॅटिन व जर्मन शब्द, अशी त्याची मांडणी होती. अडचण आली ती आत्म्यापाशी. आत्मा दाखवण्यासाठी तिथे टिंबाटिंबांची मानवाकृती आहे, आणि मजकूर वाचल्याशिवाय तो आत्मा आहे हे कोणालाही कळणार नाही. ‘नाही’, ‘म्हणून’ यांसारख्या शब्दांचे तर चित्रच निघत नाही.

भारतीय तत्त्वज्ञानातल्या मीमांसा परंपरेच्या विचारवंतांनी, म्हणजे मीमांसकांनी, शब्दबोधाचे वेगळे उदाहरण दिले. एक वडीलधारा दुसऱ्याला सांगतो, ‘गाय आण’, तो आणतो. मग ‘गाय बांध’, ‘घोडा आण’. मूल हे सारे पाहत असते. काय बदलले आणि काय तसेच राहिले यावरून ते एकेक पद वेगळे काढते. पदे आधी आपापला सुटा अर्थ सांगतात आणि मग त्यांचा अन्वय लागतो, हे कुमारिल या मीमांसकाचे मत. पदे एकमेकांशी जोडलेला (अन्वित) अर्थच सांगतात, हे दुसरा मीमांसक प्रभाकर याचे.

आपली अंकलिपी, ‘अ अननसाचा’ म्हणणारी, कोमेनियसच्या वाटेने जाते. अक्षरओळखीला ती पुरते. गोष्ट समजायला पुरत नाही. पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’ या चित्रपुस्तकात (१९६८) मजकूर फक्त कोंबडीच्या फेरफटक्याचा आहे. तिच्या मागावर असलेला आणि पुन्हा पुन्हा फजिती होणारा कोल्हा चित्रातच दिसतो, शब्दांत त्याचा मागमूसही नाही. गंमत कळायची तर मुलाला दोन्ही जुळवावी लागतात. अर्थ जोडणीतूनच निघत असल्याने इथे प्रभाकराचे पारडे जड वाटते, पण कोल्हा ओळखता न येणाऱ्या मुलाला ती गंमत कळणार नाही, एवढे कुमारिलाच्या बाजूनेही म्हणावे लागते.

चित्र हे चित्र आहे, हेसुद्धा शिकावे लागते. नऊ महिन्यांची बाळे छायाचित्रातली वस्तू हाताने उचलू पाहतात, असे मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोश यांच्या प्रयोगांत दिसले. दीड वर्षाच्या सुमारास मुले तिच्याकडे बोट दाखवू लागतात. पण चित्रातली वस्तू ओळखणे ही फक्त सुरुवात आहे, म्हणून पुस्तक दाखवताना मोठ्यांनी ‘हे काय?’ एवढ्यावर थांबू नये. त्याने नाव मिळते. ‘आता काय होईल?’ या प्रश्नाला मात्र मागचे पान आठवून पुढचे जोडावे लागते.