कोमट असतानाच

मोटरसायकलचं बोअरकाम करून घेतलं, तेव्हा मिस्त्रींनी बजावलं होतं, "५०० किलोमीटर झाले की ऑइल काढायला या. विसरू नका." काल गेलो. पट्टी पुसून पाहिली तर ऑइल मधाच्या रंगाचं. "चांगलं दिसतंय की. टाकून द्यायचं?" मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "आधी एक चक्कर मारून या."

चक्कर मारून आलो. त्यांनी दहाएक मिनिटं गाडी उभी ठेवली आणि मग खालचा नट सोडला. धार पत्र्याच्या ट्रेमध्ये पडली. ट्रे उन्हाकडे कलता केला, तर ऑइलभर बारीक चमक. वर्ख खलून टाकावा तशी.

मी चकित झालो. बोअरकाम झालं त्या दिवशी याच मिस्त्रींनी सिलिंडर गरम पाण्याने आणि साबणाने खसाखसा धुतला होता. घासायच्या दगडाची पूड नुसत्या रॉकेलने निघत नाही म्हणाले होते. पांढरं फडकं आतून पांढरंच निघेपर्यंत त्यांचं समाधान झालं नव्हतं. मग हा चुरा आला कुठून?

आला इंजिनातूनच. बोअरच्या आत होनिंगने, म्हणजे दगडाने घासून, मुद्दाम तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्या ऑइल धरून ठेवतात. रेघांच्या धारा आणि पिस्टनच्या रिंगा सुरुवातीला एकमेकींना घासतात, झिजतात आणि मग रिंगा बोअरला बसतात. ही झीज व्हावीच लागते. गाडी फार लाडाने चालवली तर रिंगा बसत नाहीत, भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि इंजिन ऑइल खात राहतं. घासाघीस हवी. तिच्यातून सुटलेला चुरा मात्र आत फिरत राहू नये. बेअरिंगमध्ये ऑइलचा थर केसाहूनही पातळ असतो. तिथे कण शिरला की ओरखडा काढतो आणि ओरखड्यातून आणखी चुरा निघतो.

तो अडवायचे उपाय आहेत, पण अपुरे. चुंबक बसवलेला नट लोखंड धरतो. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम त्याला चिकटत नाही. कागदी फिल्टर तुंबला तर त्याची झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं, कारण कोरडं राहण्यापेक्षा मळकं ऑइल बरं. म्हणून शेवटी ऑइल काढावंच लागतं, चांगलं दिसत असलं तरी.

माझ्या मनात घोळत राहिली ती मात्र ती चक्कर. गार इंजिनात चुरा तळाशी बसतो; नट सोडला तर वरचं ऑइल निघून जातं आणि गाळ आतच राहतो. फिरून आलेल्या ऑइलमध्ये तो तरंगत असतो, धारेबरोबर बाहेर येतो. घाई केली तर हात पोळतो. म्हणून ती दहा मिनिटं.

आपल्याकडे सांगतात, राग निवू दे, मग बोलू. निवतो खरा, पण निवता निवता तळाशी बसतो. मग आपण बोलतो ते वरवरचं, नितळ.

गावचं घर बंद करून बाबा आमच्याकडे राहायला आले, त्याला दोन महिने झाले. टीव्हीचा आवाज, बाथरूमचा दिवा, चहाची वेळ, रोज काहीतरी खटकतं. त्यांचं चुकतं असं नाही, माझंही नाही. चाळीस वर्षं स्वतःच्या घरात वागलेला माणूस आणि त्याचा मुलगा एकमेकांना बसत आहेत, एवढंच. खटका उडाला की मी गप्प राहतो, आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो. काल सकाळीही चहावरून उडाला होता, आणि मी गाडीची किल्ली उचलून बाहेर पडलो होतो.

घरी पोचलो तेव्हा बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी हात धुतले. नखांतलं काळं निघायला दहाएक मिनिटं लागली. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो.