परसातलं लिंबू

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत मिरचीच्या पानावर ठिपका दिसला की माणूस लगेच औषधाच्या दुकानात जातो. परसातल्या झाडाचं पान कुणी उलटून बघत नाही. ते झाड हिशेबातच नसतं. भांडण लागलं की मग ते हिशेबात येतं.

माझ्या चुलत वहिनीच्या परसात जुनं कागदी लिंबू आहे. त्याच्या पानांवर तपकिरी, खरबरीत फोड आले. भोवती पिवळं कडं. बोट फिरवलं तर पानाच्या दोन्ही अंगांना उंचवटा हाताला लागतो. सपाट डाग असता किंवा शिरांमधला नुसता पिवळेपणा असता, तर गोष्ट वेगळी होती. हा खैऱ्या. जिवाणूचा रोग. पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर पसरतो आणि नागअळीनं पान पोखरलं असेल तिथून सहज आत शिरतो.

शेजारीच पुतण्याची लिंबाची नवी बाग. तो म्हणाला, "काकू, झाड तोडा, माझी बाग जाईल." वहिनी म्हणाली, "हे झाड लावलं तवा तू रांगत होतास."

आता यात कुणाचं खरं? झाड आधीचं म्हणून त्याचा रोग दुसऱ्यानं सोसावा, हे मला पटत नाही. पण बागेवर कर्ज आहे म्हणून अर्ध्या गल्लीला लिंबू पुरवणारं झाड तोडावं, हेही पटत नाही. शिवाय खैऱ्या रोपांबरोबरही येतो, आणि पुतण्याची रोपं बाहेरूनच आलेली. रोग कुणाकडून कुणाकडं गेला, हे आता कोण सांगणार? माणूस मात्र आधी गुन्हेगार ठरवतो आणि मग पान बघतो.

माझं मत मी सांगितलं: वहिनीनं रोगट फांद्या छाटू द्याव्यात, आणि औषध, पंप, मेहनत पुतण्याची. "रोग तिच्या झाडाला अन् खर्च त्यानं का?" असं पारावर विचारलं गेलं. कारण तिच्याकडं पंप नाही, अंगात बळ नाही, आणि वाचायची आहे ती त्याची बाग.

कोरड्या दिवशी फांद्या छाटून जाळल्या. 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 10 लिटर पाणी; दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र केलं. लोखंडी सुरी बुडवून पाहिली. तिच्यावर तांबूसपणा आला, म्हणून चुन्याची निवळी आणखी घातली. पुतण्यानं आधी पिकली लिंबं उतरवून वहिनीच्या टोपलीत दिली. तिनं कोंबड्या डालल्या, रांजण झाकला, तुळशीवर गोणपाट टाकलं.

नव्या पालवीवर अजून दोन-चार ठिपके आहेत. पुढची फवारणी कधी करायची, यावर दोघांची बोलाचाली चालूच आहे.