अक्षराला बेढब म्हणण्याआधी

हिंगोली जिल्ह्यातल्या पाच तालुक्यांची नावे एखाद्या देवनागरी फाँटमध्ये लिहून पाहावीत: हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ. फाँट कच्चा असेल तर ‘औंढा’तच उघडा पडतो. शिरोरेषेवरच्या एवढ्याशा जागेत दोन मात्रा आणि अनुस्वार अशा तिघांना बसायचे असते. ‘हिं’मध्ये वेलांटीची कमान आणि टिंब एकमेकांच्या अंगावर येतात. ‘कळमनुरी’तल्या ळ च्या दोन वाट्या शाई जरा जास्त झाली की बुजतात. म्हणून जाणता अक्षरकार टिंब थोडे बाजूला सारतो, ळ ची पोकळी गरजेपेक्षा मोठी ठेवतो. मोठ्या आकारात हे अक्षर बेढब वाटते. बारीक छपाईत तेच वाचता येते.

अक्षरकार मॅथ्यू कार्टर यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीच्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी बेल सेंटेनियल हा टाइप घडवला. अक्षर अगदी बारीक, कागद हलका, छपाई वेगाची. रेघा जिथे मिळतात तिथे शाई साचते, म्हणून त्यांनी कोपऱ्यांत खोल खाचा ठेवल्या. छापताना त्या शाईने भरत आणि अक्षर पुरे होई. तेच अक्षर मोठे केले तर उंदराने कुरतडल्यासारखे दिसते.

आपल्याकडे हाच प्रश्न शिरोरेषेतल्या फटीचा होता. ध आणि घ, भ आणि म यांच्यात जुन्या वळणात फरक एवढाच, की ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. ती फट शाईने भरली की ‘धन’चे ‘घन’ होते, ‘भात’चा ‘मात’. त्यावर उपाय म्हणून अक्षराच्या सुरुवातीला छोटी गाठ असलेले ध आणि भ आले. ख चेही तसेच. त्याचे दोन भाग सुटे राहिले तर ‘खाना’ हा ‘रवाना’ वाचला जाई, म्हणून पहिल्या भागाची शेपटी दंडापर्यंत नेऊन जोडली. १९५३ साली लखनौला भरलेल्या लिपिसुधार परिषदेने असे आकार उचलून धरले आणि ते टिकले.

त्याच परिषदेची आणखी एक शिफारस होती: ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे, आखूड दंडाने लिहावी. यंत्राला ते सोयीचे होते. ती मान्य झाली असती तर ‘हिंगोली’ची पहिली वेलांटी आज ह च्या पुढे दिसली असती. लोकांनी ती स्वीकारली नाही आणि काही वर्षांतच ती मागे घ्यावी लागली. सावरकरांनी पुरस्कारलेली अि, अी, अु, अू ही स्वरलेखनाची पद्धतही छपाईच्या खिळ्यांची संख्या घटवणारी होती. तिच्यामागचा विचार प्रामाणिक होता, पण संगणक आल्यावर खिळ्यांची टंचाईच संपली. मला यातून एक भेद स्पष्ट दिसतो. वाचणाऱ्याच्या अडचणीतून आलेला आकार जपावा. यंत्राच्या अडचणीतून आलेला आकार यंत्र बदलल्यावर पुन्हा तपासावा.

या कसोटीवर ‘दऱ्या’मधला आडव्या रेघेचा अर्धा र मोलाचा ठरतो. तो नसेल तर डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ एकच होतील, आचाऱ्याचा आचार्य होईल. हिंदीपुरते पाहून केलेल्या फाँटमध्ये नेमका हाच आकार दुर्लक्षित राहतो, आणि मराठी माणूस तो चालवून घेतो, याचे मला वाईट वाटते. पाकळीचा ल आणि देठाचा श या मराठी वळणांच्या बाजूने शासनाने २००९ च्या निर्णयात भूमिका घेतली, ती योग्यच होती. पाठ्यपुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ असे पाय मोडून छापण्यामागे मुलाला घटक दिसावेत हा हेतू आहे. पहिली-दुसरीला तो पटतो. मोठ्या वर्गातल्या मुलाच्या डोळ्यांना मात्र ‘द्य’ एकसंधच ओळखीचा व्हायला हवा.

तेव्हा ग्रामपंचायतीची पाटी, बाजार समितीची पावती, शाळेची पत्रिका यांसाठी फाँट निवडणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: निवड करण्याआधी ‘औंढा’, ‘कळमनुरी’ आणि ‘दऱ्या’ हे तीन शब्द साध्या कागदावर, बारीक आकारात छापून पाहा. ते नीट वाचता आले नाहीत, तर तो फाँट कितीही देखणा असला तरी नाकारा.