नापास झालेलं मडकं



आज चिंतनाला गोरोबाकाकांचं थापटणं घेऊ या. कथा कीर्तनात ऐकली असेलच. तेरला काकांच्या घरी संतमंडळी जमली होती. कोपऱ्यातलं थापटणं बघून मुक्ताईने विचारलं, काका, हे कशाला? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं, ते याने कळतं. मग आमचीही मडकी बघा की! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत बसले. नामदेवांना मात्र राग आला. निकाल लागला: हे मडकं कच्चं.

ज्याच्या हातचा नैवेद्य विठोबाने खाल्ला, तो चारचौघांत नापास!

आता जरा स्वयंपाकघरात येऊ. आमच्या ओझरमध्ये ओळखीच्या एका ताईंकडे किचनचं काम निघालं. कडाप्प्याचा जुना ओटा गेला, भिंतीत नवे पाइप बसले. घटस्थापना आठवड्यावर आलेली. टाइल्स लावायच्या आधी प्लंबरदादांनी प्रेशर टेस्ट लावली. पाइपात पाणी भरायचं, पंपाने दाब चढवायचा आणि गेजचा काटा जागेवर राहतो का ते बघायचं. काटा हळूहळू खाली आला. म्हणजे भिंतीत कुठेतरी जॉइंट गळतोय.

टाइल्सवाला म्हणाला, "ताई, थेंबभर तर आहे. टाइल बसली की दिसणार पण नाही." घरचेही म्हणाले, घट बसायचेत, आता होऊ दे.

दिसणार पण नाही! मंडळी, या तीन शब्दांपाशी आपण सगळेच कधी ना कधी उभे राहतो. टाइलमागचं पाणी तिथेच थांबत नाही. ते भिंतीत मुरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल धरते. आपल्या चकचकीत ओट्याची किंमत दुसऱ्याने मोजायची. आतला राग, मत्सर तसाच ठेवून वर गळ्यात माळ आणि स्टेटसला अभंग लावला, तरी हेच होतं. ओल घरातल्या माणसांपर्यंत पोहोचतेच.

ताईंनी भिंत पुन्हा उघडायला लावली. दोन दिवस गेले. काम उक्तं होतं, म्हणजे ते दोन दिवस प्लंबरदादांच्या खिशातून जाणार होते. ताई म्हणाल्या, "दादा, तुम्ही टेस्ट लावली म्हणून तर कळलं," आणि दोन दिवसांची हजेरी वेगळी दिली. मला या गोष्टीत सगळ्यात मोठी साधना इथे दिसते. जो दोष दाखवतो त्यालाच दंड बसला, तर पुढच्या घरी तो टेस्ट लावेल का?

ओझरकरांना तपासणीचं मोल वेगळं सांगायला नको. 1964 साली स्थापन झालेल्या इथल्या एचएएलच्या कारखान्यात मिग-21 पासून सुखोई-30 पर्यंतची विमानं तयार झाली. तिथे तपासणीत नापास झालेला भाग पुढे जात नाही, कारण त्या विमानात कुणाचा तरी मुलगा बसणार असतो. आपल्या ओट्यापाशीही कुणीतरी उभं राहणार असतंच. म्हणून गॅसवाला नळीवरची तारीख बघायला आला, वायरमनने अर्थिंग परत करायला सांगितलं, तर कपाळाला आठ्या घालू नका. तेही एक थापटणंच आहे.

नामदेवांचं पुढे काय झालं? रागावून ते पंढरीला गेले, विठोबाकडे गाऱ्हाणं घातलं. देवाने त्यांची बाजू घेतली नाही. लाडक्या भक्ताला त्याने औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडलं. नामदेव गेले, आणि तिथे त्यांना गुरू भेटले. कच्चं मडकं पुन्हा भट्टीत घालता येतं, म्हणून कच्चेपणा वेळेत कळणं ही कृपाच.

ताईंकडे घट वेळेवर बसले. ओटा तेवढा राहिला होता. नऊ दिवस हॉलमध्ये टेबलावर शेगडी मांडून नैवेद्य झाला. देवीने काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही!

आजचा नेम: आज कुणी आपल्या कामातली उणीव दाखवली, तर उत्तर देण्याआधी एकदा विठ्ठलाचं नाव घ्या. मग एवढंच विचारा, "नेमकं कुठे गळतंय?"

राम कृष्ण हरी!