फिर्याद ज्याच्यापुढे

शेक्सपिअरचं 'रिचर्ड दुसरा' हे नाटक फिर्यादीनंच सुरू होतं. राजासमोर दोन सरदार उभे आहेत. राजाचा चुलतभाऊ हेन्री बोलिंगब्रोक टॉमस मोब्रेवर आरोप करतो: फौजेच्या पगारासाठी दिलेली आठ हजार सोन्याची नाणी यानं खाल्ली आणि राजाचे काका ग्लॉस्टर यांचा खून घडवून आणला. पैशाचा हिशेब मोब्रे तिथल्या तिथे देतो. खुनावर मात्र तो एवढंच म्हणतो की मी मारलं नाही, उलट माझ्या कर्तव्यात मीच कसूर केली. कसली कसूर, ते तो सांगत नाही. सांगणार तरी कसं? ग्लॉस्टर 1397 मध्ये कॅले इथे मोब्रेच्याच कैदेत असताना मेला, आणि हुकूम आला होता तो आत्ता न्यायनिवाडा करायला बसलेल्या राजाकडून. नाटकाचा दुसराच प्रवेश हे उघड बोलतो.

आरोपीला खरं बोलून सुटता येत नाही आणि फिर्यादीला खऱ्या गुन्हेगाराचं नाव घेता येत नाही. मग उरते ती अब्रू. हातमोजे फेकले जातात, द्वंद्वाची आव्हानं दिली जातात. राजा मोब्रेला म्हणतो, सोडून दे. मोब्रे गुडघ्यांवर येतो आणि बजावतो की माझ्या जिवावर तुमचा हक्क आहे, माझ्या नावलौकिकावर नाही. वरवर हा मानी माणसाचा बाणा वाटतो. मला त्यात कोंडी दिसते. पुरावा मांडायची सोय जिथे उरत नाही तिथे माणसं इज्जतीची भाषा बोलू लागतात.

आपल्याकडे याहून वेगळं नव्हतं. गोतसभेत साक्षी जुळल्या नाहीत की मराठेशाहीतही दिव्याचा मार्ग असे. रवा दिव्यात उकळत्या तेलातुपातून तापल्या धातूचा तुकडा हातानं काढायचा, मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करायची आणि ठरल्या दिवशी ती सोडून हात पाहायचा. भाजल्याची खूण असली की तो खोटा. आमच्या वालूरच्या बाजूला आजही चिडलेला माणूस बेलभंडारा उचलायची भाषा करतो. शपथेमागची कळकळ खरी असते. पण शपथ मागायची वेळ आली याचाच अर्थ असा की चौकशी कुठंतरी अडली आहे.

इंग्रजांच्या या प्रसंगाला आपल्या इतिहासात जोड आहे, आणि ती फार जवळची आहे. 30 ऑगस्ट 1773. ऐन गणेशोत्सवात, भर दिवसा शनिवारवाड्यात सुमेरसिंग आणि त्याचे गारदी शिरले. जेमतेम अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव वाड्यातच नजरकैदेत असलेल्या काकांकडे, रघुनाथरावांकडे धावले आणि त्यांना मिठी मारून जीव मागू लागले. चापाजी टिळेकर या सेवकानं अंग आडवं घातलं. दोघंही कापले गेले. तिकडे पुतण्यानं काका मारवला, इकडे काकाच्या पायाशी पुतण्या मेला. आणि महिना-दीड महिन्यात त्याच रघुनाथरावांना साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं मिळाली. फिर्याद ज्याच्यापुढे न्यायची, तोच आता गादीवर.

इथवर दोन्ही कथा सारख्या चालतात. पुढे फरक पडतो तो एका माणसामुळे. इंग्रजी नाटकात खऱ्या दोषीकडे बोट दाखवायचं काम बोलिंगब्रोकच्या बापाकडे, जॉन ऑफ गाँटकडे येतं. मारल्या गेलेल्या भावाची विधवा त्याच्याजवळ सूड मागते. खून कोणी करवला हे गाँटला पक्कं ठाऊक आहे. तो म्हणतो, राजा हा देवाचा प्रतिनिधी, त्याच्यावर हात उगारणं माझं काम नाही, देव बघून घेईल. ती बाई दारातून तशीच परत जाते. माझ्या लेखी नाटकातला सगळ्यात क्रूर क्षण हा आहे, कारण गाँट वाईट माणूस नाही. तो चांगला आहे, आणि तरीही गप्प आहे.

पुण्यात माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे न्यायाधीश होते. त्यांनी चौकशी केली, आणि धागा रघुनाथरावांपर्यंत गेला तेव्हा तो मध्येच सोडला नाही. प्रायश्चित्ताचा विषय निघाला तेव्हा देहान्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही असं त्यांनी गादीवरच्या माणसाला सांगितलं, आणि पद सोडून पुणं सोडलं. त्यांच्या हाती फौज नव्हती, निकाल अमलात आणायचं बळही नव्हतं. पण गादी आणि न्यायासन या दोन वेगळ्या जागा आहेत, हे त्यांनी दाखवलं. रिचर्डच्या दरबारात ती दुसरी जागाच नाही.

म्हणून रिचर्डला चौकशी झेपत नाही. 1398 मध्ये कॉव्हेंट्रीच्या मैदानावर दोघं भाले सरसावून उभे असताना तो द्वंद्व थांबवतो आणि दोघांनाही हद्दपार करतो: मोब्रेला जन्मभर, बोलिंगब्रोकला दहा वर्षं, बापाचं तोंड पाहून त्यातली चार माफ. वर्षभरात बोलिंगब्रोक परतला आणि रिचर्डची गादी गेली. मोब्रे व्हेनिसमध्ये मेला, जे ठाऊक होतं ते पोटात घेऊन.

वरचा आरोप खालच्यावर उतरतो, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. नारायणरावांच्या खुनाचं आपल्या बोलण्यात काय उरलं? हुकुमातल्या 'धरावे'चं 'मारावे' झालं, 'ध'चा 'मा' केला, आणि तो रघुनाथरावांच्या बायकोनं, आनंदीबाईनं केला. तो खाडाखोड केलेला कागद कुणी पुढे आणलेला नाही. तरी नाटकांतून, गोष्टींतून पिढ्यान् पिढ्या दोष बाईच्या माथी बसला, आणि खुनानंतर वस्त्रं अंगावर घेणारा माणूस बायकोच्या आड उभा राहिला. गावातही हेच होतं. पाण्याची पाळी मोडली, बांध कोरला गेला, की पारावर नाव निघतं सालगड्याचं. मालकानं सांगितल्याशिवाय सालगडी बांधाला फावडं लावत नाही हे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण मालक त्याच बैठकीत, आणि बरेचदा मधोमध बसलेला असतो. मग सालगडी मान खाली घालून उभा राहतो. मोब्रेसारखा. कसूर झाली म्हणतो, कुणाच्या सांगण्यावरून ते म्हणत नाही. त्या वेळी बैठकीतल्या एखाद्यानं तरी मधोमध बसलेल्याकडे वळून विचारायला हवं.

रघुनाथरावांना कुणी न्यायासनापुढे उभं केलं नाही. बारभाई म्हणवणाऱ्या कारभाऱ्यांनी त्यांना गादीवरून काढलं, पण ते राजकारण होतं, खटला नव्हता. इंग्रजांच्या आश्रयानं त्यांनी लढाया ओढवल्या, 1782 च्या सालबाईच्या तहात त्यांच्या खर्चाची नेमणूक ठरली, आणि पुढच्याच वर्षी गोदाकाठी कोपरगावला ते वारले. रामशास्त्री तोवर पुन्हा पुण्यात न्यायाधीशाच्या कामावर होते.