करसमाधान आणि जक्कयाचे समाधान

शास्त्रपाठ : लूक 19:1-10



धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीत पोट भरणाऱ्यांना थकबाकी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मूळ कर थोडा असतो. पण त्यावर व्याज चढते, मग दंड बसतो, आणि शेवटी माणूस कचेरीतून आलेले पाकीट उघडण्यासही भितो.

अशांसाठी सरकार मधूनमधून दार उघडते. कर्नाटक शासनाने 2017 साली ‘करसमाधान’ योजना आणली. मूळ कर पूर्ण भरून व्याज व दंडाचा दहावा हिस्सा भरणाऱ्यास उरलेले 90 टक्के माफ झाले. महाराष्ट्राने 2022 साली 1 एप्रिलपासून 30 सप्टेंबरपर्यंत अशीच ‘अभय योजना’ चालविली. वस्तू व सेवा कराच्या पहिल्या तीन वर्षांच्या थकबाकीवरही व्याज व दंड माफ करण्याची तरतूद झाली. मात्र मूळ कर 31 मार्च 2025 पर्यंत भरावयाचा होता, आणि ज्याने जाणूनबुजून फसवणूक केली त्याला ही सवलत नव्हती.

वेळेवर कर भरणारा येथे कुरकुरतो : “मग मी प्रामाणिकपणे भरला तो मूर्ख म्हणून काय?” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. वारंवार माफी मिळू लागली की थकविणारा पुढच्या माफीची वाट पाहत बसतो. परंतु द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी (मत्तय 20) पहाटेच्या मजुराचा एक पैसाही कापत नाही. दुसऱ्यास दया मिळाली म्हणून आपले काही गेले नाही.

आता जक्कयाकडे पाहा. तो फसविणारा होता. सरकारच्या सवलतीत त्याला जागा मिळाली नसती. तरी एक नाणेही परत केले नसता प्रभू त्याच्या घरी उतरला. आणि मग काय झाले? गणना 5:7 प्रमाणे पाप कबूल करणाऱ्याने मुद्दल व वर पाचवा हिस्सा द्यावयाचा होता. जक्कयाने कोणी न मागता चौपट देऊ केले, आणि अर्धी मालमत्ता गरिबांना! कृपेने त्याची परतफेड घटली नाही, वाढली.

म्हणून आपण स्वतःस विचारू या. गिऱ्हाइकाकडून कर म्हणून घेतलेला पैसा आपला नव्हे. कामगाराच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधीही आपला नव्हे. तो दाबून ठेवून “प्रभूने मला क्षमा केली” असे म्हणणाऱ्याच्या घरी जक्कयाचा पाहुणा खरोखर उतरला आहे काय?

सरकार व्याज सोडते, मुद्दल मागते. आपल्या पापाचे मुद्दलच ख्रिस्ताने वधस्तंभावर फेडले. ज्याचे एवढे फिटले, त्याने शेजाऱ्याचे थकवू नये. सरकारी योजनेस शेवटची तारीख असते आणि ती छापून येते. आपल्या आयुष्याची तारीख छापलेली नाही. जक्कय त्वरेने खाली उतरला. आपणही आजच उतरू या. आमेन.