मूलच तयार नाही म्हणे!

विभक्त आईबापांमधल्या मुलाच्या ताब्याच्या एका बातमीवर आठवडाभर वाद झडले. आई बरोबर की बाप, यावर लोक हमरीतुमरीवर आले. माझं डोकं फिरलं ते एका वाक्याने : ‘आम्ही कुठे अडवतो? मूलच भेटायला तयार नाही.’

भेट टाळायला ताप, परीक्षा, पाहुणे ही कारणं जुनीच. हे मात्र सगळ्यांत निर्लज्ज. सहा वर्षांच्या मुलाला शाळेत जायचं का, लस घ्यायची का, असं कुणी विचारत नाही. रडलं तरी दंडाला धरून दवाखान्यात नेतात. पण भेटीचा शनिवार उजाडला की त्याच मुलाचा शब्द शिरोधार्य! आधी आठवडाभर त्याच्या देखत फोनवर उद्धार चाललेला असतो. ‘बाबा’ नाही, ‘तो माणूस’. मूल वडिलांकडे असेल तर ‘ती बाई’. निघायच्या वेळी आजी डोळ्यांना पदर लावते. मग मूल पायात घातलेले बूट काढून कोपऱ्यात बसतं. या घरात कोणतं उत्तर चालतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याला मुलाची इच्छा म्हणू नका.

कायदा इतका भोळा नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम १७ सांगतं, की समजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. ती बंधनकारक नाही. विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह (२०१७) प्रकरणातली मुलगी वडिलांकडे वाढलेली, तिथेच राहायचं म्हणणारी. सर्वोच्च न्यायालयाने ताबा आईला दिला, कारण आईजवळ राहून पाहण्याची संधीच तिला मिळाली नव्हती. यशिता साहू प्रकरणात (२०२०) याच न्यायालयाने सांगितलं, की ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याशी संपर्क तुटू नये. दूर असाल तर व्हिडिओ कॉल करा. मुलांच्या हाती मोबाइल देणं मला मुळीच पटत नाही, पण या कॉलसाठी जरूर द्यावा. दिवसभर कार्टून दाखवणारा मोबाइल नेमका बाबांच्या वेळेला कसा बंद पडतो?

ताबा ठरवताना दुसऱ्या पालकासाठी दार कोण उघडं ठेवतं ते पाहावं, हा निकष आपल्या कायद्यात वेगळा लिहिलेला नाही. तो ‘मुलाचं कल्याण’ या कसोटीतूनच येतो. माझ्या मते त्याला भरपूर वजन हवं.

मारहाण असेल तिथे मात्र नाही. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये हा निकष कायद्यात घातला. मारहाणीबद्दल बोललो तर आपणच आडमुठे ठरू, या भीतीने लोक गप्प बसतात, अशी टीका झाली आणि २०११ च्या दुरुस्तीने तो काढला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये बजावलं, की मुलाचं मन फितवल्याचा शिक्का कुणावर सहज मारू नये. तेव्हा खरी भीती असेल तर न्यायाधीशांना लेखी सांगा, देखरेखीखाली भेट मागा. मुलाच्या तोंडून वदवू नका.

आदेशाने माया लागत नाही, हे मान्य. पण आदेशाने वेळेवर पोहोचता नक्की येतं, आणि वेळ न पाळणाऱ्यांबद्दल मला कधीच सहानुभूती वाटलेली नाही. पुढच्या शनिवारी मुलाला बूट घालून द्या, दहा म्हणजे दहाला पोहोचवा आणि वाटेत त्याच्या आईबद्दल किंवा बाबांबद्दल एकही वावगा शब्द काढू नका.